अर्ध्यावर ठेवलेलं बोट

मास्तर, तुमच्या लेकीनं भिंतीवरच्या दोन रेघांवर एकाच वेळी बोट ठेवलं, त्या घडीला माझं सगळं बदललं. त्याआधीचा मी निराळा आणि नंतरचा निराळा, असं मी आजवर धरून चाललो आहे. तुम्ही तिथंच होता. पण तुम्हाला तो दिवस आठवलाच तर करपलेल्या भाकरीमुळं आठवेल. भिंतीवर रेघ ओढता ओढता तुम्ही तव्यावरची भाकर विसरलात, धूर झाला, आणि गेरूनं लाल झालेल्या बोटांनीच तुम्ही ती उचलायला धावलात. मला मात्र धूर आठवत नाही. मला तिचा कान आठवतो. नुकताच टोचलेला, भोकात कडुलिंबाची काडी घातलेली. आणि पाठीवरची वेणी, तिच्या टोकाला लोकरीचा गोंडा. आणि भिंतीवरचं ते बोट.

हे मी त्याच खोलीत बसून लिहितो आहे. सकाळपासून दार लावून बसलोय. बाहेर अंगणात मायनं चुना भिजवून ठेवला आहे आणि ती दर थोड्या वेळानं दाराशी येऊन म्हणते, "अरे बाबा, झालं का? चुना घट्ट होऊन राह्यला." मी आतून हूं म्हणतो. खोलीला चुना मारायचा आहे, कारण शाळेत हैदराबादहून नवे मुदर्रिस, म्हणजे मास्तर, येणार आहेत आणि मायनं त्यांना खोली कबूल केली आहे. तुम्ही गेल्यापासून इथं कडबा, फुटक्या घागरी आणि मोडका पाळणा असंच काहीबाही पडून होतं. ते काल तिनं सगळं काढलं. भिंती उघड्या झाल्या, तशा तुमच्या माझ्या रेघाही.

बाहेर अंगणात एक सायकलही उभी आहे. दोस्ताकडून मागून आणली. टेंभुर्णीला जायला आणली. आज तिथं तुमच्या लेकीचं लग्न आहे, गोरज मुहूर्तावर. आत्ता निघालो आणि दम खाल्ला नाही, तर अक्षता पडायच्या आधी पोचतो. मायला हे ठाऊक आहे. चुन्याचं निमित्त करून ती दारापाशी पहारा देते आहे, हे मलाही ठाऊक आहे.

तुम्ही जुन्या जालन्यात आलात तेव्हा मी सरकारी मदरशात चौथ्या जमातीत, म्हणजे चौथ्या वर्गात होतो. आमच्या बापानं शाळेजवळची ही खोली तुम्हाला दिली ती, खरं सांगायचं तर, माझ्यावर लक्ष राहावं म्हणून. तुमच्यासोबत एक लोखंडी पेटी, एक कंदील आणि नऊ-दहा वर्षांची एक पोरगी. तिची आई आधीच गेलेली. ती तुम्हाला अण्णा म्हणायची. तुम्ही स्वतः रांधत होता. पहिल्याच दिवशी माय कालवण घेऊन आली, तुमच्या तव्यावर बघितलं आणि म्हणाली, "मास्तर, ही भाकर हाय का नकाशा?" तुम्ही हसला नाहीत. भाकर उलटीसुलटी करून नीट बघितलीत आणि म्हणालात, "वहिनी, नकाशाच आहे. हे इकडं आलेलं आमचं गाव." तेव्हापासून मायनं तुम्हाला आपलं मानलं. तुमच्या भाकरी मात्र शेवटपर्यंत तशाच राहिल्या.

शाळेत सगळं उर्दूत चालायचं. अंकाच्या दशांश चिन्हाला तिथं आशारिया म्हणत. तुम्ही फळ्याजवळ उभे राहून 'आशारिया पाच, आशारिया बारा' म्हणायचा आणि घरी आल्यावर तेच आम्हाला मराठीत समजवायचा. एके दिवशी तुम्ही जमातीला पाच अंक घालून दिलेत. आशारिया नऊ, आशारिया बारा, आशारिया पाच, आशारिया पंचेचाळीस, आशारिया आठ. लहानाकडून मोठ्याकडं लावा म्हणालात. मी सगळ्यांच्या आधी पाटी पुढं केली. पाच, आठ, नऊ, बारा, पंचेचाळीस. तुम्ही पाटी परत दिलीत. "पुन्हा बघ." मी बघितलं नाही. मी म्हणालो, "यात काय बघायचं? बारा नऊपेक्षा मोठे, हे आमच्या बैलालाबी ठाऊक हाय." सगळी जमात खो खो हसली. तुम्ही म्हणालात, "मग बैलालाच विचारू. संध्याकाळी."

आणि संध्याकाळी तुम्ही खरंच आमच्या अंगणात आलात. हातात काठी. तुळशीच्या ओट्यापासून बैलाच्या खुंट्यापर्यंत मातीत एक लांब रेघ ओढलीत. ओट्यापाशी शून्य, खुंट्यापाशी एक. "मधली जागा दहा घरांत वाटायची," तुम्ही म्हणालात, "पण आधी अर्धा शोध. अर्धा सापडला की पुढचं सोपं." मी दोरी आणायला धावलो तर तुम्ही थांबवलंत. "दोरी नको, पट्टी नको. डोळ्यानं शोध, हातानं ओढ." तुमची लेक ओट्यावर बसून शेंगा सोलत होती. मी अर्धा शोधला, चुकला. पुन्हा शोधला. मग दोन्हीकडं पाच पाच घरं केली, ओबडधोबड. तुम्ही म्हणालात, "आता आशारिया नऊवर जाऊन उभा राहा." मी नवव्या खुणेवर गेलो, जवळजवळ बैलाच्या तोंडाशी. "आता आशारिया बारावर." मी पुढं पाऊल टाकलं तर पुढं खुंटा. बारावी खूण होतीच कुठं? घरं दहाच होती. मी तिथंच ताठ उभा राहिलो. मग तुम्ही शून्याजवळ बसलात आणि पहिल्या खुणेच्या पुढचं एकच घर घेऊन त्यात बारीक बारीक दहा घरं पाडलीत. "बारामधला एक म्हणजे हे पहिलं मोठं घर. दोन म्हणजे यातली दोन बारकी घरं. ये इथं." मी नवव्या खुणेवरून चालत आलो, जवळजवळ सगळी रेघ उलटी चालत, आणि ओट्याच्या जरासं अलीकडं उभा राहिलो. "झाले का बारा मोठे?" तुम्ही विचारलंत. ओट्यावरून शेंगेचं एक टरफल माझ्या अंगावर आलं. "बैलाला ठाऊक होतं," ती म्हणाली, "तुलाच न्हवतं."

मला राग आला होता, मास्तर. तो राग मला अजून आठवतो, कानापर्यंत चढलेला. पण त्याच रागात मला पहिल्यांदा दिसलं की अंक मोठा की लहान, हे त्याच्या अंगावर नाही, तो कुठं उभा आहे त्यावर असतं. हे मला तुम्ही सांगितलं नव्हतं. तुम्ही मला फक्त चालायला लावलं होतं.

सकाळी बघतो तर बैलांनी ती रेघ तुडवून टाकलेली. मी तुमच्या खोलीत येऊन तक्रार केली. तुम्ही चुलीतला एक विझलेला कोळसा माझ्या हातात दिलात. "ही भिंत मोकळी आहे. तू काढ." भिंत पांढरी, नुकताच चुना दिलेली. मी हात लांब करून खिडकीपासून दरवाजापर्यंत काळी रेघ ओढली. अर्धा शोधला. घरं पाडली. आणि शून्य लिहिला उजव्या टोकाला, दरवाजाजवळ. एक लिहिला डाव्या टोकाला. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. शाळेत सगळंच उजवीकडून सुरू व्हायचं. तख्ती उजवीकडून, किताब उजवीकडून, फळा उजवीकडून. रेघ दुसरीकडून कशाला सुरू होईल? आशारिया एक, आशारिया दोन, मी डावीकडं सरकत गेलो, आणि कालचे पाचही अंक बराबर जागी लावले. बारा, पंचेचाळीस, पाच, आठ, नऊ. एकही चुकला नाही.

तुम्ही भिंतीजवळ येऊन एकेक खूण बघितलीत. मला वाटलं, आता पुसायला लावणार. तुम्ही म्हणालात, "बिलकुल बराबर आहे. फक्त तू दुसऱ्या टोकानं निघालास. तुझ्या रेघेत खोट नाही. पण गावातल्या सगळ्यांनी एका टोकानं निघायचं ठरवलं असेल, तर त्यांच्यात जाऊन बसताना त्या टोकानं निघावं लागतं, एवढंच." आणि माझी रेघ तशीच ठेवून तुम्ही खाली, दोन बोटांच्या अंतरावर, गेरूनं दुसरी रेघ ओढलीत. शून्य डावीकडं, एक उजवीकडं. अंक मराठीत. काय हात होता तुमचा! एकदम ओढलेली रेघ, आणि घरं अशी की जणू कुणी मोजून ठेवलीत. एवढ्यात भाकर करपली आणि तुम्ही चुलीकडं धावलात.

आणि तेव्हा ती पुढं झाली. वरची काळी रेघ बघितली, खालची लाल बघितली. वर जिथं तीन तिथं खाली सात. वर जिथं नऊ तिथं खाली एक. सगळं उलटंपालटं, एकही जोडी जुळेना. आणि मग तिनं मधोमध बोट ठेवलं, असं उभं, की ते दोन्ही रेघांना टेकलं. "अर्धा दोघांचा एकाच जागी हाय," ती म्हणाली.

तुम्ही भाकर हातात घेऊनच परत आलात. इतकं खूश मी तुम्हाला कधी बघितलं नव्हतं. मग तुम्ही आमच्याकडून खेळ करवून घेतलात. मी वरच्या रेघेवर कुठंही बोट ठेवायचं, तिनं त्याच्या खालचा अंक वाचायचा. माझे दोन, तिचे आठ. माझे पाव म्हणजे पंचवीस, तिचे पंच्याहत्तर. "बेरीज करा," तुम्ही म्हणालात. दर वेळी पुरा एक. कुठंही बोट ठेवा, दोघांचं मिळून एकच. तुमच्या लेखी तो गणिताचा एक गोड नियम होता. मी बारा वर्षांचं पोर होतो आणि मी त्याचं भलतंच काही करून बसलो.

माझा संताप तुम्ही दोन वर्षं सोसलात. एकदा मी बाजारातल्या एका पोराच्या डोक्यात पाटी घातली. तो आमच्या मायला काही बोलला होता. दुसऱ्या मुदर्रिसांनी छडीनं हात सोलून काढले असते. तुम्ही मला इथं आणून बसवलंत, पुढं कागद ठेवलात आणि म्हणालात, "एक रेघ ओढ, दहा सारखी घरं पाड. जमलं की जा." मला जमेना. दुपार गेली. तुम्ही मागून येऊन वाकून बघितलंत. "बघ, इथं. चौथं घर तिसऱ्यापेक्षा मोठं झालं. तुला राग आला की तू पुढचं घर मोठं धरतोस. जागा तेवढीच असते लेका, मग शेवटच्या घरांना उरत नाही काही." मला ते तेव्हा पटलं नाही. मी कागद चुरगाळला. तुम्ही दुसरा कागद दिलात.

ज्या दिवशी मी पट्टीशिवाय, डोळ्याच्या अंदाजानं दहा सारखी घरं पाडली, त्या दिवशी तुम्ही पेटीतून तुमची सागवानी पट्टी काढून मला दिलीत. दोन वर्षं तिला हात लावू दिला नव्हता. "आता वापरायला हरकत नाही," म्हणालात. ती पट्टी माझ्याबरोबर औरंगाबादला कॉलेजात गेली. बोर्डिंगातली पोरं तिला हसायची, कारण तिची एक कड झिजून वाकडी झाली होती. मी कुणाला हात लावू दिला नाही.

तुम्ही पट्टी दिलीत त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात पटकी आली. सकाळी तुम्ही शाळेत गेलात, दुपारी घरी आणलं, आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही नव्हता. आम्हा पोरांना तुमच्या गल्लीत येऊ दिलं नाही. मी तुमचं तोंड बघितलं नाही. आठवड्यानं टेंभुर्णीहून तिचा मामा बैलगाडी घेऊन आला. ती लोखंडी पेटी गाडीत चढवली, कंदील चढवला. गाडीत बसायच्या आधी ती पुन्हा या खोलीत आली, भिंतीसमोर उभी राहिली. मी दारात होतो. ती रडत नव्हती. मामा बाहेरून ओरडला, "चल बये, ऊन व्हईल." ती माझ्याजवळून जाताना म्हणाली, "रेघ पुसू नको देऊ." बस, एवढंच.

मी पुसू दिली नाही. दर दसऱ्याला माय चुना घेऊन यायची आणि दर दसऱ्याला मी या भिंतीपुढं हात पसरून उभा राहायचो. तीन भिंती पांढऱ्याफटक, चौथी मळकी. माय म्हणायची, "भिंत हाय का देव? हळदकुंकू आणू का?" बाप म्हणायचा, "राहू दे त्याला. मास्तराची सय हाय." बापाला काय ठाऊक! तो गेला तेव्हाही हेच समजून गेला.

औरंगाबादेत माझं बरं चाललं होतं. इंटरचं वर्ष होतं. टेंभुर्णीकडचा एक जण आमच्या बोर्डिंगात होता. तो सुट्टीवरून आला आणि जेवता जेवता सहज बोलून गेला की मास्तराच्या पोरीचं जमलं, जाफराबादच्या कचेरीत पोरगा कारकून आहे. मी ताट सरकवलं. दुसऱ्या दिवशी रियाजीच्या, म्हणजे गणिताच्या तासाला बसलो होतो. प्रोफेसर फळ्यावर काही लिहीत होते. मी उठलो, वही तिथंच ठेवली आणि चालता झालो. त्यांनी मागून विचारलं, "कहाँ चले मियाँ?" स्टेशन, गाडी, जालना. घरी पेटी टाकली आणि तसाच टेंभुर्णीला.

पुढचं तुम्हाला सांगायला लाज वाटते. पण तुम्ही तिचे वडील. विचारायचं ते तुम्हालाच विचारायला हवं होतं आणि तुम्ही नव्हता, म्हणून मी मामाच्या ओसरीवर जाऊन उभा राहिलो. मामानं बसायला घोंगडं टाकलं. तिनं पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि आत गेली. मी बसलोच नाही. उभ्या उभ्याच म्हणालो, "तुमची भाची मला द्या."

मामा पान लावत होता. त्यानं मान वर केली नाही. "कालिज झालं का पुरं?"

"सोडलं."

"कधी?"

"परवा."

"परवा सोडलं, आन आज मागायला आला." त्यानं पान तोंडात घातलं. "आधी सोडलं, मंग इचारलं. उलटाच कारभार हाय बाबा तुझा. आन तिची सुपारी फुटून गेल्ती, हे ठाऊक हाय का?"

"ठाऊक हाय. मोडा ती सुपारी."

"मोडा म्हणतो! काय लाकूड हाय का मोडायला?" ओसरीवरचे दोघं-तिघं हसले. त्या हसण्यानं माझं डोकं फिरलं. मी काय काय बोललो ते आठवत नाही. तांब्याला लाथ मारली हे आठवतं. तो गडगडत पायरीवरून खाली अंगणात गेला.

तुमची लेक बाहेर आली. ती अंगणात उतरली, तांब्या उचलला, मातीनं घासला, रांजणातून भरून आणला आणि पुन्हा माझ्यासमोर ठेवला. "पाणी पी," म्हणाली. मी प्यायलो. मग तिनं विचारलं, "अण्णांची रेघ हाय का रे अजून भिंतीवर?"

मास्तर, मला केवढा आनंद झाला! मला वाटलं, हीच ती खूण. मी म्हणालो, "हाय. दोन्ही हाय. मी पुसू दिली न्हाई."

तिनं ओले हात पदराला पुसले. मग हळू म्हणाली, "मी या लग्नाला व्हय म्हणलंय. मला कोणी ढकललं न्हाई." मामाकडं बघून नव्हे, माझ्याकडं बघून. आणि आत जाता जाता दारात थांबली. "तू अजून उजवीकडूनच सुरू करतो," ती म्हणाली. हसली नाही. टोमणा असता तर मी सोसला असता. तिच्या आवाजात तुमचा आवाज होता, चौथं घर मोठं झालं म्हणतानाचा.

तेव्हापासून मी घरीच आहे. कॉलेजात नाव कटलं. शेतात माझ्या हातून काही नीट होत नाही. गडी मागं हसतात. रोज मनाशी ठरवत होतो की लग्नाच्या दिवशी जायचं, मांडवात उभं राहायचं आणि सगळ्यांसमोर सांगायचं की ही माझी आहे, लहानपणापासून माझी आहे, तिनं स्वतः भिंतीवर बोट ठेवून ठरवलं होतं. काय बोलायचं तेही पाठ केलं होतं. सायकलमध्ये हवा भरून घेतली. आणि निघायच्या आधी म्हटलं, तुम्हाला एकदा सांगून निघावं. मुलीच्या बापाला न विचारता कसं जायचं? म्हणून हा कागद घेतला.

लिहिता लिहिता उठलो आणि भिंतीपाशी गेलो. तिच्या हाताच्या उंचीवर वाकून अर्ध्यावर बोट ठेवलं. ती कुठं उभी होती ते आठवून तिथं उभा राहिलो. मी तेव्हा उजव्या टोकाला होतो, दरवाजाजवळ, कारण तुम्हाला रेघ ओढायला जागा देऊन मी माझ्या शून्यापाशी परतलो होतो. चूल डाव्या कोपऱ्यात. तुम्ही चुलीपाशी. तिनं बोट ठेवलं, "अर्धा दोघांचा एकाच जागी हाय," म्हणाली, आणि मी तिचं तोंड आठवू लागलो. आठवेना. कितीदा मी तो दिवस मनात घोळवला असेल, मास्तर, आणि आज पहिल्यांदा माझ्या ध्यानात आलं की त्यात तिचे डोळे नाहीतच. कान आहे, कानातली काडी आहे, वेणी आहे, गोंडा आहे. म्हणजे तिची पाठ माझ्याकडं होती. ती चुलीकडं वळली होती. आणि आज तिचा तो पहिला शब्दही आठवला, जो मी इतकी वर्षं गाळत आलो. ती म्हणाली होती, "अण्णा, बघा की! अर्धा दोघांचा एकाच जागी हाय."

ती तुम्हाला दाखवत होती. आणि रेघ पुसू नको देऊ म्हणाली तीही तुमची. टेंभुर्णीला तिनं विचारलं तेही अण्णांच्या रेघेचं. दोन्ही हाय, हे मी म्हणालो. तिनं विचारलं नव्हतं.

माय पुन्हा दाराशी आली. या वेळी चुन्याचं बोलली नाही. म्हणाली, "लेकरा, चाललास का रे?" मी दार उघडून तिच्याकडून चुन्याचं डबडं आणि अंबाडीचा कुंचला आत घेतला. तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि बाजूला झाली. मी तिला म्हणालो, "या भिंतीला तू हात लावू नको. जेवढं मारायचं तेवढं मी मारतो." ती म्हणाली, "आन नव्या मास्तरांनी इचारलं तर?" मी म्हणालो, "त्यांना म्हणावं, खालची लाल रेघ आधीच्या मास्तरांची आहे. पोरांना आशारिया शिकवायला कामी येईल. शून्य डावीकडं आहे."

कुंचला भरून घेतला आणि वरची काळी रेघ, माझी, खिडकीकडून दरवाजाकडं पुसत आलो. डावीकडून उजवीकडं. खाली चुन्याचा ओघळ येऊ नये म्हणून दुसऱ्या हातानं तुमच्या सागवानी पट्टीचा आडोसा धरला. एकच थेंब गेला, तुमच्या सातवर. तो बोटानं टिपला. गेरू थोडा बोटाला लागला, पण आकडा आहे.

मास्तर, आम्ही लोक चुना देतो आणि तो ओला असेपर्यंत खालचं सगळं दिसत राहतं, हे तुम्हाला ठाऊक आहे. आत्ता माझी रेघ दिसते आहे, घरंही दिसतात, अर्धाही दिसतो. तो वाळत जाईल तसं झाकत जाईल. तेवढं बघत बसायची माझ्यात हिंमत नाही.

आणि एक सांगून टाकतो. सकाळपासून मी स्वतःला सांगत होतो की मी तुमच्याकडं तिला मागायला बसलो आहे. ते खरं नव्हतं. तुम्ही गेलात तेव्हा मी रडलो नव्हतो. तुमचं तोंड बघितलं नाही म्हणून तुम्ही गेलात हे पुरतं मानलंच नव्हतं. या खोलीत कुणीतरी माझ्याकडं बघून खूश होत होतं, हे मला पुन्हा हवं होतं, आणि बघणारे तुम्ही होता. ती नव्हती.

हा कागद कुठं टाकायचा ते मला ठाऊक नाही. सदऱ्याच्या खिशात घालतो. सायकल ज्याची त्याला नेऊन देतो. पट्टी इथंच देवळीत ठेवली आहे, नव्या मास्तरांसाठी.

चुना अजून ओला आहे. मी बाहेर पडतो आणि दार ओढून घेतो.